कानाला खोडवा नाही (लेखांक ९)

श्रवणयंत्र कसं निवडावं हे या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला लिहीन, कारण इंदापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनींच्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय यंत्राकडे वळणं बरोबर नाही. त्या लिहितात, "वडील साखर कारखान्यात मिलवर सव्वीस हंगाम होते. आवाजाची त्यांना सवय झाली होती, कधी त्रास झाला नाही. आता ऐकू येत नाही ते वयामुळेच असणार ना?" या पत्रात दोन समजुती आहेत. कानाला आवाजाची सवय होते ही पहिली, आणि म्हातारपणीचं बहिरेपण वयाचंच असतं ही दुसरी. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे पाच सहकारी कारखाने असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न एका घराचा नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो: कानाला आवाजाची सवय होत नाही. आपण जिला सवय म्हणतो ती झालेली हानी असते.

आतल्या कानाचा शंख आपण मागच्या लेखांत पाहिला. त्यातल्या केशपेशी एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार असतात. टर्बाइन, कटर, फायबरायझर यांच्या सान्निध्यात पाळी काढून माणूस बाहेर पडतो तेव्हा कानांना दडे बसलेले असतात, घरची माणसं लांबून बोलल्यासारखी वाटतात, रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात रातकिडे वाजतात. सकाळी कान मोकळा होतो. हे म्हणजे दमलेल्या पेशींचं गाऱ्हाणं. रोज तेच होत राहिलं की दमलेल्यांतल्या काही पेशी मरतात. मेलेली पेशी गाऱ्हाणं करत नाही, म्हणून दडे जाणवेनासे होतात, आणि माणूस म्हणतो, आता सवय झाली. ऊस तोडला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो. माणसाच्या केशपेशीला खोडवा नाही. पक्ष्यांना मात्र तो आहे: कोंबडीच्या पिल्लांत आणि लावा पक्ष्यांत नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, असं १९८८ साली संशोधकांनी दाखवून दिलं. माणसात ते घडवून आणण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत, पण आज कोणत्याही दवाखान्यात तसा उपचार मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की कारखाना काही बारा महिने चालत नाही. मोळी गव्हाणीत पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने, मग कानाला विश्रांतीच की. विश्रांतीने दडे सुटतात हे खरं आहे. पण दडे सुटले म्हणजे कान पूर्ववत झाला, हे अनुमान टिकत नाही. अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आवाजाने मंदावलेलं उंदरांचं ऐकणं काही दिवसांत मूळ पातळीवर आलं, केशपेशीही शाबूत दिसल्या, पण त्या पेशींना मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूशी जोडणारे कितीतरी सांधे कायमचे तुटलेले होते. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. तरीही सकाळी कान मोकळा झाला एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही, इतकं या प्रयोगाने पक्कं केलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सव्वीस वर्षं जर पेशी मरत होत्या, तर वडील घरात, पारावर, सोसायटीच्या सभेत इतकी वर्षं बोलत-ऐकत कसे होते? याचं उत्तर मराठीच्या उच्चारात आहे. आवाजाचा पहिला घाव साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीवर बसतो, कारण कानाची नळीच ३००० हर्ट्झच्या जवळपासचे ध्वनी वाढवून आत पाठवते आणि इजा त्याच्या थोडी वरच्या पट्टीत उमटते. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, च, त, थ, ख ही व्यंजनं मात्र बारीक, आणि त्यांची ओळख बरीचशी वरच्या पट्टीवर अवलंबून असते. म्हणून 'पाच' आणि 'सात' यांतला 'आ' दणदणीत पोचतो, पण पोती पाच की सात हे ठरवणारी व्यंजनं गळून पडतात. एकट्याशी समोरासमोर बोलताना ओठ पाहून आणि संदर्भाने ती भरून काढता येतात. लग्नाच्या मांडवात, बाजारात येत नाहीत. "ओरडू नका, ऐकू येतंय, काय म्हणता ते कळत नाही," हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य हट्टीपणाचं नाही, ते रोगाचं अचूक वर्णन आहे. ओरडल्याने जोर वाढतो तो मुख्यतः स्वरांचा, व्यंजनं तिथेच राहतात.

आता वयाचा मुद्दा. वयानेही ऐकणं कमी होतं. पण दोन्हींचे ठसे वेगळे असतात. ऑडिओमेट्रीच्या आलेखात वयाची रेघ उंच पट्टीकडे उतरत जाते आणि ८००० हर्ट्झला सर्वांत खाली असते. आवाजाने बाधलेल्या कानाची रेघ ४००० ला खड्डा करते आणि ८००० कडे पुन्हा थोडी वर येते. ग्लासगोच्या थॉमस बार यांनी १८८६ साली शंभर बॉयलर कारागिरांचे कान तपासले, तेव्हा त्यांत धडधाकट कानांचा एकही निघाला नाही. तेव्हापासून हे बहिरेपण धंद्याचं आहे हे वैद्यकाला ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी: साठीनंतर वयाची उतरण त्या खड्ड्याला गिळते आणि एकाच आलेखावरून दोन्हींचे वाटे वेगळे करणं अवघड होतं. पत्रातल्या वडिलांबाबत म्हणूनच ठाम निवाडा देता येणार नाही. पण ज्याने सव्वीस हंगाम मिलवर काढले, त्याचं बहिरेपण केवळ वयाच्या खात्यावर टाकणं चूक आहे.

कायद्याला हे अपरिचित नाही. आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या सूचनापात्र रोगांच्या यादीत होतं, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते आहे. अडचण मोजमापाची आहे. आपल्याकडे प्रचलित असलेल्या मर्यादेप्रमाणे आठ तासांसाठी ९० डेसिबल चालतात आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलमध्ये दोन तास. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था ८५ पासून सुरुवात करते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते, कारण तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटंच. ऊर्जेचा हिशेब पाहता मला दुसरी मर्यादा योग्य वाटते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'ऐकण्यास कठीण' ठरायला दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, किमान ६० डेसिबलची तूट लागते. ४००० चा खड्डा घेऊन फिरणारा माणूस त्या मापात बसत नाही, त्याचा त्रास मात्र रोजचा असतो.

तिसरा आक्षेप खुद्द कामगारांचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कानात बोळे घातले तर यंत्राचा बिघाड आवाजावरून कसा कळणार? बेअरिंग कुरकुरायला लागलं की जुना माणूस ते आधी ऐकतो. यावर १९४६ सालीच कार्ल क्रायटर यांनी मोजमाप केलं. गोंगाट मोठा असेल तर चांगले कान असलेल्या माणसाला इअरप्लग घालून बोलणं कमी नव्हे, थोडं जास्तच कळतं, कारण गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखेच खाली येतात आणि दडपलेल्या कानाला उसंत मिळते. मात्र ज्याची उंच पट्टी आधीच गेली आहे त्याला प्लगमुळे खरोखर कमी कळू शकतं. त्याला बेताचा आवाज अडवणारं साधन द्यावं, किंवा गोंगाटापासून दूरचं काम द्यावं. कापसाचा बोळा मात्र कुणालाच पुरत नाही. आणि अर्ध्या तासाची सूटही महागात पडते: ३० डेसिबल अडवणारं साधन आठ तासांत अर्धा तास काढून ठेवलं, तर पाळीभराचं संरक्षण जेमतेम १२ डेसिबलवर येतं. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर इंजिनाच्या वर ऐकू यावेत म्हणून स्पीकर लावून ऊस ओढणाऱ्या तरुणांनाही डेसिबल आणि वेळेचा हाच हिशेब लागू आहे.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरून चालावं. अशा जागी काम करणाऱ्या प्रत्येकाने, कायम असो की हंगामी, बॉयलरचं अग्निप्रदीपन होण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी आणि हंगाम संपल्यावर पुन्हा. तपासणीआधी किमान चौदा तास गोंगाटापासून दूर राहावं, नाहीतर दडे मोजले जातील. बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागाकडे चौकशी करावी. दोन्ही आलेख रेशनकार्डाइतके जपून ठेवावेत. पत्र लिहिणाऱ्या ताईंना एवढंच सांगतो: वडिलांना तपासायला न्या आणि ते किती वर्षं मिलवर होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तोवर त्यांच्यासमोर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल असं, सावकाश बोला, ओरडू नका. आलेख हाती आला की यंत्राचं पाहू. आणि घरातलं दुसरं कुणी मिलवर जात असेल, तर त्याची तपासणी या दसऱ्याच्या आधीच करून घ्या.