विद्यापीठ परिसरातील वसतिगृह बांधकामाचे व्यवस्थापन : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर ठाणे येथे बाळकुम भागात व कल्याण येथे सुरू झाल्याने उच्च शिक्षण जिल्ह्याच्या दारी आले. तथापि मुरबाड, शहापूर तालुक्यांतील दूरच्या गावांतून एस.टी. व लोकलने रोज ये-जा करणे विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, कठीण जाते. निवासाअभावी त्यांचे शिक्षण खंडित होण्याचा धोका असतो. अशा परिसरांत वसतिगृह उभारताना प्रकल्पाचे व्यवस्थापन कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कालनियोजन :
या भागात शैक्षणिक वर्षाचा आरंभ आणि पावसाळा एकाच सुमारास येतात. त्यामुळे नियोजन प्रवेशाच्या दिवसापासून मागे मोजत करावे लागते. खोदकाम व पाया ऑक्टोबर ते मे या काळात जोत्यापर्यंत पूर्ण न झाल्यास खड्ड्यांत पाणी साचून काही महिने वाया जातात. बाहेरील गिलावा व गच्चीचे जलरोधक काम पुढील कोरड्या हंगामासाठी राखावे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत, तसेच २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा, उल्हास खोऱ्यातील पुराची तीव्रता दिसून आली. म्हणून जोत्याची उंची पूररेषा तपासूनच निश्चित करावी.

परवानग्या व सुरक्षितता :
महानगरपालिकेचे प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र व शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हे टप्पे वेळापत्रकात बांधकामाइतक्याच ठळकपणे दाखवावेत. जून जवळ येताच अपुऱ्या इमारतीत विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा दबाव वाढतो. येथेच व्यवस्थापनाची खरी कसोटी लागते. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. त्या अपुऱ्या इमारतीत माणसे राहावयास आली होती, ही बाब विसरता येणार नाही.

उपाययोजना :
१) इमारतीचे दोन स्वतंत्र भाग कल्पावेत. प्रत्येकाचा जिना, पाण्याची टाकी व अग्निशमन व्यवस्था वेगळी असल्यास पहिल्या भागासाठी अंशतः भोगवटा प्रमाणपत्र मागता येते.
२) विलंब झाल्यास भाड्याच्या निवासासाठी अंदाजपत्रकात प्रारंभीच तरतूद करावी.
३) पाणी व वीजजोडणीचे अर्ज बांधकाम सुरू असतानाच दाखल करावेत.
४) ठेकेदाराच्या देयकाचा काही अंश दोष-दायित्व कालावधी संपेपर्यंत राखून ठेवावा, म्हणजे पहिल्या पावसाळ्यातील गळतीची दुरुस्ती त्याच्याकडून करून घेता येते.

निष्कर्ष :
रंगरंगोटी संपली म्हणजे वसतिगृह पूर्ण झाले, ही समजूत सोडली पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्याचा दिवस हाच प्रकल्पपूर्तीचा दिवस होय. तो दिवस येईपर्यंत निवासाची प्रवेशयादी जाहीर करू नये, इतका एक नियम पाळला तरी वेळापत्रकाचे उर्वरित टप्पे त्यानुसार बांधले जातील.