पोर्टलंडची उंच माणसं

1984 च्या ड्राफ्टआधी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स संघाच्या डॉक्टरांनी सॅम बोवी नावाच्या तेवीस वर्षांच्या खेळाडूची तपासणी केली. ती जवळजवळ सात तास चालली. बोवीची उंची 7 फूट 1 इंच. केंटकी विद्यापीठाकडून खेळताना त्याच्या डाव्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता आणि त्यापायी कॉलेजचे सलग दोन हंगाम बुडाले होते. डॉक्टर छोट्या हातोडीने नडगीवर ठोकून दुखतंय का विचारत होते आणि बोवी नाही म्हणत होता. अठ्ठावीस वर्षांनी, 2012 मध्ये, एका माहितीपटात त्याने स्वतःच सांगितलं की तेव्हा दुखत होतं. आपल्या माणसांच्या गरजा डोळ्यांसमोर होत्या, म्हणून खोटं बोललो, असं त्याचं म्हणणं होतं.

19 जून 1984 ला ड्राफ्ट झाला. ह्यूस्टनने पहिला क्रमांक हकीम ओलाजुवानला दिला, पोर्टलंडने दुसरा बोवीला आणि शिकागोने तिसरा मायकेल जॉर्डनला. तेव्हापासून बास्केटबॉलमधल्या सर्वांत वाईट निवडींची कुठलीही यादी निघाली की बोवीचं नाव वरच्या दोन-तीनांत असतं. अशा खेळाडूला अमेरिकेत ‘बस्ट’ म्हणतात, आपल्याकडे फुसका बार म्हणतील. हे नाव चुकीच्या माणसाला चिकटवलं जातं, असं माझं मत आहे. त्यासाठी पोर्टलंडइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही, कारण त्या एका संघाने पस्तीस वर्षांत तीनदा असा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, निवडला की त्याचं नाव पुढे बदनाम झालं.

आधी ड्राफ्ट काय असतो ते सांगायला हवं. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू संघांमध्ये वाटले जातात. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला आधी निवडायची संधी मिळते, म्हणजे दुबळ्याला बळ मिळावं. 1984 पर्यंत पहिला क्रमांक दोन तळाच्या संघांमधल्या नाणेफेकीवर ठरे, 1985 पासून त्यासाठी लॉटरी काढतात. या सगळ्यात खेळाडूला विचारत कोणी नाही. शहर, प्रशिक्षक, सहकारी आणि मुख्य म्हणजे क्रमांक, सगळं इतरांनी ठरवलेलं असतं. आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं हिशेब मागितला जातो तो त्या क्रमांकाचा.

पोर्टलंडचा संघ 1970 चा. शहर मध्यम आकाराचं आणि कित्येक वर्षं तिथे मोठ्या लीगमधला हा एकच संघ होता. लोकांचा जीव त्यात असा गुंतलेला की 1977 पासून 1995 पर्यंत सलग 814 घरचे सामने हाऊसफुल्ल गेले. अशा गावात निवड चुकली तर ती विसरली जात नाही.

पहिली चूक 1972 ची. पोर्टलंडने नाणेफेक जिंकली आणि शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाचा 6 फूट 11 इंच उंचीचा लारू मार्टिन घेतला. पुढच्याच क्रमांकावर बफेलोने बॉब मॅकडूला उचललं. 1975 मध्ये मॅकडू लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्टिन चार हंगाम आणि 271 सामने खेळून 1976 मध्ये बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी पोर्टलंडने विजेतेपद मिळवलं. मार्टिनमध्ये काही खोट होती, असं मला वाटत नाही. कॉलेजमध्ये त्याने बिल वॉल्टनसारख्या सेंटरला तोडीस तोड खेळ करून दाखवला होता आणि त्या कामगिरीचं संघाने फार मोठं माप धरलं. पहिला क्रमांक त्याने स्वतः कधी मागितला नव्हता.

निवड करणारे होते स्टू इनमन. नवोदित खेळाडू हेरणारी त्यांची नजर त्या काळात नावाजलेली होती. 1974 मध्ये वॉल्टनला घेणारे आणि 1983 मध्ये क्लाइड ड्रेक्सलर चौदाव्या क्रमांकावर मिळवणारेही तेच. वॉल्टनने 1977 चं विजेतेपद आणून दिलं, मग त्याच्या पायाची हाडं मोडत गेली. म्हणजे 1984 मध्ये संघाजवळ जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा तरुण ड्रेक्सलर होता आणि मधली उंच माणसाची जागा रिकामी होती. त्या दिवसापुरता विचार केला तर बोवीची निवड वेडेपणाची नव्हती. त्या साली ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक असलेल्या बॉब नाइट यांनी इनमनना जॉर्डनच घ्या असा आग्रह केला, आम्हाला सेंटर हवाय असं उत्तर मिळाल्यावर मग त्यालाच सेंटर खेळवा म्हणाले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नाइटना जे दिसलं ते खेळाडूचा खेळ होता आणि पोर्टलंडला दिसली ती संघातली रिकामी जागा.

त्या जागेसाठी उंची का लागते हे उघड आहे. जाळं जमिनीपासून दहा फुटांवर असतं. बाकी सगळं शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही, असं प्रशिक्षक म्हणतात. पण उंचीची किंमत हाडांना मोजावी लागते. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढलं तर वजन घनाच्या हिशेबाने वाढतं आणि हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने. गॅलिलिओने 1638 मध्ये हे मांडलं. सहा फुटी माणूस त्याच बांध्यात एक पंचमांशाने वाढवून सव्वासात फुटांच्या जवळ नेला, तर वजन सुमारे 73 टक्क्यांनी वाढेल, हाडाचा छेद 44 टक्क्यांनीच. आणि हा माणूस उभा राहत नाही, उड्या मारतो, लाकडी मैदानावर दोन-अडीच तास, हंगामात 82 सामने. वॉल्टनचा पाय, बोवीची नडगी, नंतर चीनच्या 7 फूट 6 इंचांच्या याओ मिंगचं पाऊल, हे सगळे अपघात एकाच कुळातले आहेत.

बोवीचा पहिला हंगाम चांगला गेला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. 76 सामने, सरासरी 10 गुण, नवोदितांच्या निवडक संघात स्थान. पुढच्या हंगामात 38 सामन्यांनंतर हाड मोडलं. त्याच्या पुढे पाचच सामने आणि या वेळी उजवी नडगी. मग पूर्ण हंगाम शून्य, मग 20. पाच हंगामांतल्या 410 पैकी 139 सामने. 1989 मध्ये पोर्टलंडने त्याला न्यू जर्सीला देऊन बक विल्यम्सला आणलं. विल्यम्सच्या बळावर संघ 1990 आणि 1992 मध्ये अंतिम फेरीत पोचला. 1992 ला समोर जॉर्डनचा शिकागो होता. पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात जॉर्डनने सहा तीन-गुणी फेकी साधल्या, 35 गुण केले आणि मला तरी काय ठाऊक अशा अर्थाने खांदे उडवले. पोर्टलंडच्या माणसाला ते दृश्य आजही बघवत नाही.

त्या वर्षी बोवी न्यू जर्सीत नियमित खेळत होता. पोर्टलंड सोडल्यावर तो आणखी 372 सामने खेळला. संपूर्ण कारकीर्द 511 सामन्यांची, सरासरी 10.9 गुण आणि 7.5 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू. हे आकडे नीट वाचायला हवेत. दोन्ही नडग्या मोडलेल्या माणसाने दहा हंगाम जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये काढले. तो जॉर्डनच्या शेजारी निवडला गेला नसता, तर त्याची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली गेली असती.

तपासणीत तो खोटं बोलला, हे खरंच. पण दोन बुडालेले हंगाम कागदोपत्री सगळ्यांसमोर होते. सात तास तपासूनही हाडाचा निर्णय रुग्णाच्या हो-नाहीवर सोडला असेल, तर तो दोष एकट्या रुग्णाचा मानता येत नाही.

तेवीस वर्षांनी पोर्टलंडने हाच डाव पुन्हा मांडला. 2007 च्या लॉटरीत पहिला क्रमांक मिळण्याची त्यांची शक्यता 5.3 टक्के होती, तरी तो त्यांना मिळाला. समोर दोन नावं होती: ओहायो स्टेटचा सात फुटी सेंटर ग्रेग ओडन आणि टेक्सासचा सडपातळ केव्हिन ड्युरंट. ओडनची कीर्ती शाळेपासूनची. इंडियानापोलिसमधल्या लॉरेन्स नॉर्थ हायस्कूलला त्याने सलग तीन राज्य विजेतेपदं मिळवून दिली होती. कॉलेजात उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झालेली असताना तो फ्री थ्रो डाव्या हाताने टाकायचा. 2 एप्रिल 2007 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडाने ओहायो स्टेटला हरवलं, पण ओडनने एकट्याने 25 गुण आणि 12 रिबाउंड काढले. दुसरीकडे ड्युरंटला ड्राफ्टआधीच्या चाचणीत 185 पौंडांचं वजन एकदाही उचलता आलं नाही आणि त्याची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. ओडनचीच निवड करावी, असं तेव्हा बहुतेक जाणकारांचं मत होतं.

28 जूनला निवड झाली आणि सप्टेंबरमध्ये ओडनच्या उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया झाली. यात कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडतात. आतल्या मज्जेतून रक्त झिरपतं आणि तिथे नवी कूर्चा धरते. ती मूळच्या कूर्चेइतकी मजबूत नसते, तंतुमय असते. अमारे स्टॉडमायर या शस्त्रक्रियेनंतर जोमाने परतला, ख्रिस वेबर पूर्वीचा राहिला नाही. ओडनचा पहिला हंगाम पूर्ण गेला. 28 ऑक्टोबर 2008 ला लॉस एंजेलिसमध्ये तो पहिला सामना खेळला आणि त्यातच पाऊल दुखावून बसला. त्या हंगामात 61 सामने झाले. पुढच्या हंगामात खेळ बहरू लागला होता, तोच 5 डिसेंबर 2009 ला ह्यूस्टनविरुद्ध उडी मारताना डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. मग 2010 मध्ये डाव्या गुडघ्यावर दुसरी मायक्रोफ्रॅक्चर, 2012 मध्ये तिसरी. मार्च 2012 मध्ये संघाने त्याला मोकळं केलं, तेव्हा त्याच्या नावावर पोर्टलंडचे 82 सामने होते. बरोबर एका हंगामाचे, आणि ते पाच वर्षांत.

ड्युरंट 2014 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, 2017 आणि 2018 मध्ये विजेता.

त्या पाच वर्षांत आपण दारूच्या आहारी गेलो, हे ओडनने पुढे मोकळेपणाने सांगितलं. घरात कोंडून घेतलेला, हजारोंच्या अपेक्षेचा धनी असलेला विशीतला मुलगा कसा जगत असेल, हे समजू शकतं. मात्र 2014 मध्ये एका स्त्रीला मारहाण केल्याबद्दल त्याला अटक झाली आणि त्याने गुन्हा कबूल केला. तो गुडघ्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही, टाकूही नये. नंतर त्याने स्वतःला सावरलं. ओहायो स्टेटमध्ये परत जाऊन 2019 मध्ये पदवी पूर्ण केली आणि पुढे जुन्या प्रशिक्षकांच्या, थॅड मॅटांच्या, हाताखाली बटलर विद्यापीठाच्या संघाचं कामकाज बघू लागला.

निवडणारे आपल्या निवडीशी कसे वागतात, यावर एक नाणावलेला अभ्यास आहे. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी 1980 ते 1986 या सालांत निवडलेल्या खेळाडूंची कारकीर्द तपासून 1995 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. बोवी-जॉर्डनची तुकडी त्यातच येते. मैदानावरची कामगिरी, दुखापती, खेळण्याची जागा हे सगळं हिशेबात धरल्यावरही, ज्याला वरच्या क्रमांकावर घेतलं त्याला जास्त मिनिटं खेळवलं जातं आणि जास्त काळ ठेवलं जातं, असं त्यांना आढळलं. कॉलिन कॅमेरर आणि रॉबर्टो वेबर यांनी 1999 मध्ये ते पुन्हा तपासलं. परिणाम कमी निघाला, पण निघाला. म्हणजे आपली चूक कबूल करणं संघाला इतकं जड जातं की खेळाडू वर्षानुवर्षं लोकांच्या नजरेसमोर अपयशी म्हणून उभा ठेवला जातो.

याच्या उलटही घडतं. 2003 मध्ये डेट्रॉइटने सर्बियाचा अठरा वर्षांचा डार्को मिलिचिच दुसऱ्या क्रमांकावर घेतला. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड त्याच्यामागे राहिले. डेट्रॉइट आधीच बलाढ्य संघ होता, पुढच्या वर्षी विजेताही झाला. कोवळ्या मुलाला शिकवायला तिथे कोणाला सवड नव्हती. पहिल्या हंगामात त्याला 34 सामने मिळाले, सामन्यामागे सरासरी पाच मिनिटांहून कमी. इतक्या मिनिटांत कोण काय शिकणार? पुढे तो सर्बियात परतून फळबागा करू लागला. आणि ज्यांना वाटतं की खरा खेळाडू खरा खेळाडू ओळखतो, त्यांनी 2001 आठवावं. वॉशिंग्टन संघाची सूत्रं जॉर्डनच्या हाती होती आणि त्याने पहिला क्रमांक क्वामे ब्राउन या शाळकरी मुलाला दिला. तिसऱ्या क्रमांकावर पाउ गॅसोल होता.

या कथेत मुंबईचा माणूसही आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 पासून सॅक्रॅमेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते याच संघाचे. त्याच्या आदल्या वर्षी किंग्जने दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगलीला घेऊन लुका डॉन्चिचला सोडलं होतं. बॅगलीचा पहिला हंगाम सामन्यामागे 14.9 गुणांचा, म्हणजे चांगलाच होता. दुसऱ्यात अंगठा आणि पाऊल दुखावून 13 सामने. 2022 मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. तोवर डॉन्चिच मोठा तारा झाला होता.

आपला सतनाम सिंग या रांगेत बसत नाही, तरी बसवला गेला. पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत घडलेला हा 7 फूट 2 इंचांचा मुलगा 2015 मध्ये डॅलसने निवडला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये नाव आलेला तो पहिला भारतीय. क्रमांक होता साठांपैकी 52 वा. आपल्याकडे त्याचं स्वागत अब्जावधींतला एक म्हणून झालं. डॅलसच्या दुय्यम संघाकडून तो खेळला, मुख्य लीगच्या हंगामात एकही सामना मिळाला नाही. 2019 मध्ये उत्तेजक चाचणीत तो दोषी आढळला, दोन वर्षांची बंदी आली, मग तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. बंदीची जबाबदारी त्याची. पण एनबीए न खेळल्याबद्दल त्याला अपयशी ठरवणाऱ्यांनी लीगचं गणित पाहिलेलं नाही. तीस संघ, प्रत्येकी पंधरा कायम करार, म्हणजे साऱ्या जगासाठी 450 जागा. पहिल्या फेरीतल्यांना कराराची हमी मिळते. दुसऱ्या फेरीतल्यांना ती नसते आणि त्या फेरीच्या तळाला निवडलेले कित्येक जण एकही सामना न खेळता परततात.

उद्या नागपाड्यातल्या, पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या उंच मुलाचं वा मुलीचं नाव अशा यादीत येईल. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी छापाव्यात: निवड कितव्या क्रमांकावर झाली आणि त्या क्रमांकावरून आजवर किती जण खेळले. निवड फसली तर निवडणाऱ्याचं नावही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं.