यांत्रिक वेग आणि जाळ्याचा आस

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा मच्छीमार पाण्याचा रंग व पक्ष्यांची झेप पाहून मासळीचा थवा ओळखत आला. पर्ससीन नौकांनी हे काम पडद्यावर थवा दाखविणाऱ्या यंत्राकडे सोपविले. मासळी झपाट्याने सापडू लागली. मात्र कोवळी मासळी राखण्याचा विचार यंत्राबरोबर आला नाही. भांडवलाने विकत घेतलेल्या वेगाला संशोधन कसे म्हणावे? रापणीच्या वाट्यावर तर अनेक घरे चालतात. अखेर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले.

खरी नवी कल्पना साध्या जाळ्यात आढळते. ओढ बसताच शंकरपाळ्याच्या आकाराचा नेहमीचा आस मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि लहान मासळी निसटते. सिंधुदुर्गातील ट्रॉलरांवर ४० मिलिमीटरचा असा आस वापरून पाहण्यात आला.