दाणे घालवा, आजी नको!

या सुट्टीत गावी गेलात की माळ्यावरची ट्रंक जरूर उघडा. लग्नाच्या पत्रिका, रेशनकार्डं यांच्याखाली निगेटिव्हचं पाकीट हमखास असतं. स्कॅन केल्यावर मात्र फोटोवर कुणी रवा उधळलाय असं वाटतं. फिल्टर मारायचा आणि मोकळं व्हायचं? थांबा!

आमच्या तिसगावच्या (ता. पाथर्डी) घरी आजोबांच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यातल्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह निघाल्या. एकीत मढीच्या यात्रेतली तरुण आजी. त्या वयातला तिचा हा एकच फोटो. शहरातल्या एका स्टुडिओनं एकदम गुळगुळीत स्कॅन दिला. आई बघून म्हणाली, ‘‘हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?’’ दाण्यांसोबत तेही साफ! मग मीच स्कॅनरवर बसलो.

मुळात हे दाणे म्हणजे कचरा नव्हे. फिल्मवरचं चित्रच चांदीच्या बारीक कणांचं असतं. त्यामुळे ते पुसायचे नाहीत, फक्त मवाळ करायचे. कसे?

*शार्पनिंग बंद:* स्कॅनरचं ऑटो शार्पनिंग आधी दाण्यांनाच धार लावतं.

*‘डिजिटल आइस’ला सुट्टी:* धूळ शोधणारं हे तंत्र इन्फ्रारेडवर चालतं. चांदी तो प्रकाश अडवते आणि चित्रच बिघडतं. धूळ ब्लोअरनं उडवा.

*मोठा स्कॅन, छोटा फोटो:* १६ बिट ग्रेस्केल निवडा. क्लिक थ्रीची निगेटिव्ह साधारण ५६ मिमी चौरस; २४०० डीपीआयला सुमारे ५३०० पिक्सेल मिळतात. आठ इंची प्रिंटला २४०० पुरतात. फाइल लहान करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, दाणे आपोआप दबतात.

*पसरट प्रकाश:* कॅमेऱ्यानं कॉपी करताय? निगेटिव्हखाली थोडं अंतर सोडून दुधी अॅक्रिलिक ठेवा. थेट प्रकाशात दाणे आणि ओरखडे जास्त उठतात.

*फिल्टर शेवटी, तोही वेगळ्या लेयरवर:* आकाशावर बिनधास्त, चेहऱ्यावर जवळजवळ शून्य. मी असंच केलं आणि गोंदणाचे ठिपके जागेवर राहिले. एआयवाली अॅप्स जपून वापरा. हरवलेला तपशील ती अंदाजानं भरतात. चेहरा छान दिसेल, पण तो आजीचाच असेल याची खात्री नाही.

आणि हो, फायनल प्रिंटआधी फोटो घरातल्या मोठ्यांना दाखवा. मूळ निगेटिव्ह कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. चला, लागा कामाला!