नाकातली नळी: समज आणि वस्तुस्थिती

साखरशेतसारख्या गावातलं अतिकुपोषित मूल जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणलं जातं, तेव्हा बरेचदा त्याची भूकच मेलेली असते. अशा मुलांना सुरुवातीला एफ-75 हे खास दूध देतात. 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी. सलग दोन-तीन वेळा मुलाने ठरलेल्या दुधापैकी 80 टक्केही घेतलं नाही, तर नाकातून जठरापर्यंत नळी घालावी लागते.

नळी दिसली की घरच्यांचा धीर सुटतो. पोर आता हाती लागत नाही, असं त्यांना वाटतं. खरं तर मूल तोंडाने पुरेसं घेऊ लागलं की नळी काढतात.

याहून घातक समज म्हणजे, नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी जितकी घट्ट तितकी नळी सुरक्षित. घट्ट ओढलेली नळी नाकपुडीच्या कडेवर सतत दाबत राहते आणि तिथे जखम होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी तर पट्टी काढतानाच सोलवटते. पट्टी सैल असली तरी धोका आहेच: नळी वर सरकली तर दूध श्वासमार्गात जाऊ शकतं. म्हणून आधी गालावर हायड्रोकोलॉइडची मऊ पट्टी लावावी, तिच्यावर नळी चिकटवावी, आणि नळी नाकपुडीच्या कडेला टेकू देऊ नये. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळी, दमट हवेतही न सुटणारा, नळीवरची खूण दिसू देणारा पारदर्शक आणि स्वस्त आधार कुणीतरी बनवण्याची इथे खरी गरज आहे.

पट्टी जागेवर म्हणजे नळीही जागेवर, हेही खरं नाही. पट्टी न हलता आतलं टोक घशात वळू शकतं. नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावण्याची जुनी रीत भरवशाची नाही. नळीतून ओढून घेतलेल्या द्रवाचा सामू (पीएच) 5.5 किंवा कमी असणं ही जास्त विश्वासार्ह खूण.

नळी नाकातूनच घालतात असं नाही. एंडोस्कोपच्या मदतीने पोटाला छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवण्याचं तंत्र गॉडरर आणि पॉन्स्की यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलं. तिथेही घट्टपणाच नडतो. बाहेरची चकती कातडीवर आवळून ठेवली, तर आतली चकती जठराच्या भिंतीत रुतते. छिद्राभोवतीची जखम भरून आली की थोडी मोकळीक, साधारण एक सेंटिमीटर, ठेवावी लागते. ही नळी निघाली तर छिद्र काही तासांतच आकसू लागतं. घरी परत न घुसवता लगेच रुग्णालय गाठावं.

नाकातल्या नळीवर नाकापाशी कोणता आकडा आहे, तो नर्सताईंकडून समजून घ्या आणि प्रत्येक वेळी दूध देण्याआधी पाहा. आकडा बदललेला दिसला, तर दूध थांबवून त्यांना बोलवा.