लोकसभेचे कामकाज : लेखांक सहावा – आक्रमणाच्या निषेधाचा ठराव

बारामतीजवळच्या माळेगावच्या अथवा इंदापूर तालुक्यातील भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेस जो सभासद एकदा बसला आहे, त्यास ठराव म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. सूचक उभा राहतो, अनुमोदक पुस्ती जोडतो, मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो आणि इतिवृत्तात नोंद होऊन संचालक मंडळ त्या नोंदीने बांधले जाते. परंतु परचक्राचा निषेध करणारा ठराव लोकसभा मंजूर करते, तेव्हा बांधले कोण जाते? शत्रू तर नाहीच.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजांनी लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) अशा दोन्ही आघाड्यांवर मोठी चढाई केली. २६ तारखेस राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. आणि ८ नोव्हेंबरास पंडित नेहरूंनी लोकसभेपुढे एक नव्हे, दोन ठराव मांडले. पहिला राज्यघटनेच्या ३५२व्या अनुच्छेदाखालचा, आणीबाणीच्या उद्घोषणेस मान्यता देणारा. संसदेने अशी मान्यता न दिल्यास उद्घोषणा दोन महिन्यांनी आपोआप संपुष्टात यावी, अशी त्या वेळी तरतूद होती. दुसऱ्या ठरावामागे असे कोणतेही कलम नव्हते. पंचशीलाची तत्त्वे मान्य केलेल्या चीनने मैत्रीचा विश्वासघात करून प्रचंड आक्रमण आरंभिले आहे, असे त्यात नमूद होते. जवानांच्या शौर्याचा गौरव, हुतात्म्यांस आदरांजली आणि साहाय्यकर्त्या राष्ट्रांविषयी कृतज्ञता होती. आणि अखेरीस, लढा कितीही दीर्घ व खडतर असो, भारताच्या पवित्र भूमीवरून आक्रमकास हुसकून लावण्याचा निर्धार होता. १४ नोव्हेंबरास, म्हणजे नेहरूंच्या जन्मदिनीच, सभासदांनी उभे राहून तो मंजूर केला.

संयुक्त राष्ट्रसंघात दाद मागावी, तर तेथे पेकिंग सरकारला आसनच नव्हते. आणि ते मिळावे म्हणून ऑक्टोबराच्या अखेरीस, ऐन युद्धात, भारतानेच अनुकूल मत दिले होते!

ठरावास आठवडा होतो न होतो तोच चीनने एकतर्फी युद्धबंदी केली, आणि त्याच सुमारास महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. लडाखमधील अक्साई चीन मात्र चीनकडेच राहिला. माझ्या मते, मुदत नसलेला हा निर्धार लिहून सभागृहाने शत्रूपेक्षा आपल्याच पुढील सरकारांना अधिक जखडले. कारण सीमेविषयी तडजोडीची भाषा निघाली की विरोधी बाकांवरून याच ठरावाचा दाखला पुढे केला जातो. वाटाघाटींचे दार त्याने बंद केले नाही, हेही तितकेच खरे. चव्हाणांचे शिष्य, बारामतीचे शरद पवार, १९९२ साली संरक्षणमंत्री या नात्याने चीनला गेले, तेव्हा तो ठराव दप्तरी जसाच्या तसा होता.

निषेध न करण्याचीही एक रीत सभागृहास ठाऊक आहे. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाची निंदा करणारा ठराव २ मार्च २०२२ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या ३५ राष्ट्रांत भारत होता. पुढे एप्रिलात लोकसभेने या विषयावर चर्चा केली ती नियम १९३ अन्वये, आणि त्या नियमाखालील चर्चेअंती ठरावही नसतो, मतदानही नसते.

३१ मार्च १९७१ रोजी पूर्व बंगालच्या जनतेस पाठिंबा देणारा जो ठराव इंदिरा गांधींनी मांडला, त्याचा विचार पुढील लेखांकी करू.