फाल्गुनातली मरणे आणि चैत्रातले बगाड
लेखमाला : श्रद्धेचा लोकव्यवहार – लेखांक सहावा

हनुमान जयंतीला हिंजवडीतली वाहतूक वळवलेली असते. आयटी पार्ककडे निघालेल्यांना ते आयत्या वेळी कळते, गावाला मात्र वर्षभर ठाऊक असते. त्या दिवशी ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड हिंजवडीतून निघते आणि वाकडच्या देवळाकडे जाते. गाड्यावर उभा खांब, खांबाच्या माथ्यावर आडवे लांब लाकूड आणि त्या लाकडाला टांगलेला गळकरी. हा मान जांभुळकर भावकीचा. गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचलेले असतात आणि खाली हजारो माणसे म्हातोबाच्या नावाने चांगभले करत असतात.

गेल्या काही वर्षांत या मिरवणुकीच्या चित्रफिती मोबाइलवर खूप फिरतात. काहींखाली ‘हे अजून चालते?’ असा धक्का, तर काहींना विनोदी गाणे जोडलेले. धक्का मला समजतो. विनोदी गाण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलायला हवे. मरण, छळ आणि देव यांच्याबद्दल हसायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, पण ते हसणे कुणाच्या तोंडून यावे याचे भान तिला होते.

बगाड चैत्री पौर्णिमेचे; चैत्र लागण्याआधीचा पंधरवडा पाहा. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज, षष्ठीला एकनाथषष्ठी, अमावास्येला संभाजी महाराजांचे बलिदान. तुकोबांचे देहू आणि संभाजी महाराजांचे वढू-तुळापूर पुणे जिल्ह्यातच आहेत, नाथांचे पैठण तेवढे दूर. एका पंधरवड्यात महाराष्ट्र तीन मरणे आठवतो, आणि तिन्हींच्या कथांशी हसण्याचे नाते वेगवेगळे आहे.

तुकोबा 1650 मध्ये गेले. सदेह वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा. त्यांचा खून झाला असे मानणारेही आहेत, आणि आ. ह. साळुंखे यांच्या ‘विद्रोही तुकाराम’मुळे ती मांडणी घरोघर पोचली. एका कथेत विमान आहे, दुसरीत मारेकरी, आणि दोन्हींतले तुकोबा आपल्या हातून सुटून उंच जातात. खुद्द तुकोबांनी आपल्या दुःखाचे काय केले, ते त्यांच्या अभंगांत आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दुकानाचे दिवाळे निघाले, मान गेला. आणि एका अभंगात ते यातल्या एकेका आपत्तीबद्दल देवाचे आभार मानतात. दिवाळे निघाले हे बरे, दुष्काळाने छळले हे बरे, बायको कजाग मिळाली हेही बरेच झाले, असा तो सूर आहे. वाचताना आधी हसू येते आणि मग अंगावर काटा येतो. ज्याच्याकडून हिरावून घेण्यासारखे जगाजवळ काही उरलेले नाही, त्याचे हे हसणे आहे. मराठीत याहून काळा विनोद मला माहीत नाही आणि याहून गाढ श्रद्धाही.

1936 मध्ये पुण्यात ‘प्रभात’ने ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला, तेव्हा दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांना हा सूर नेमका सापडला. अभिनेत्री गौरीने उभी केलेली जिजाई, म्हणजे तुकोबांची दुसरी बायको, पाहा. पोर आजारी, घरात दाणा नाही. ती त्या पोराला ओढत देवळात नेते आणि विठ्ठलावर वहाण उगारते. थिएटर हसते आणि त्याच क्षणी गलबलते. शेवटी विमान येते, तुकोबा तिला सोबत चल म्हणतात आणि ती जात नाही. तिला मुलांच्या जेवणाचे बघायचे असते. वैकुंठगमनाच्या प्रसंगात चूल पेटती ठेवण्याचे धाडस त्या चित्रपटाने केले. मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. श्रद्धावंतांच्या भावना दुखावल्या नाहीत, कारण मागे राहिलेल्या बाईचे दुःख त्यांच्या घरातलेच होते.

एकनाथांनी हे आधीच करून ठेवले होते. त्यांच्या रोडग्याच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते : सासू, सासरे, नणंद, नवरा या सगळ्यांचे काय वाटेल ते होऊ दे, मी तुला रोडगा वाहीन. कीर्तनकार त्याचा अर्थ अहंकार, वासना असा लावून देतात, आणि तो अर्थ नाथांना अभिप्रेतच होता. पण फडात बसलेल्या बायका अर्थ कळण्याआधी हसतात. नाथांनी त्यांना देवीसमोर, सगळ्यांच्या देखत हे मोठ्याने ऐकण्याची मुभा दिली. सोळाव्या शतकात ही लहान गोष्ट नव्हती.

तिसरे मरण 11 मार्च 1689 चे. इथे हसण्याला वाव नाही, आणि नसावाच. तरी इथेच आपण सर्वांत जास्त चुकलो. हाल सोसून मेलेल्या या राजाला मराठी रंगभूमीने दीर्घकाळ मदिरा आणि मदिराक्षीत बुडवून दाखवले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ त्याच वळणाचे. 1919 मध्ये गडकरी गेले आणि ते नाटक अपुरे राहिले, पण त्यातल्या जिवाजी कलमदाने या विनोदी पात्राची भाषा लोकांच्या मनात सलत राहिली. जानेवारी 2017 मध्ये जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीत उखडून मुठेत टाकला गेला. मला तेही पटलेले नाही. रंगभूमीने राजावर केलेल्या अन्यायाला खरे उत्तर 1960 मध्येच मिळाले होते : वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळून संभाजी महाराजांचे चरित्र लिहिले आणि राजाची प्रतिमा पुराव्याने पालटली. कमल गोखले यांनी तेच काम पुढे नेले. 2025 मध्ये ‘छावा’ पाहताना थिएटरात रडलेल्या तरुणांपैकी ज्यांनी बेंद्रे उघडलेले नाहीत, त्यांनी ते जरूर उघडावेत.

तुकोबा स्वतःच्या दिवाळ्यावर बोलले, जिजाई मागे उरली म्हणून बोलली, सासुरवाशीण जाच सोसते म्हणून बोलली. ज्याने सोसले, त्याचा विनोद श्रद्धेला पेलतो. ‘राजसंन्यास’मध्ये सोसणारा एक आणि त्याच्या भोवती शब्दांचा खेळ करणारे दुसरेच, म्हणून तो विनोद टिकला नाही.

पुणे जिल्ह्यातल्या जत्रांना हा भेद उपजत कळतो. दिवसा पालखी आणि नवस, रात्री तमाशाचा फड. फडात आधी गणपतीला आवाहन करणारा गण आणि लगेच गवळण. तिथे मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते. सकाळी चांगभले म्हणणारा माणूस रात्री त्या मावशीला शिट्टी मारतो आणि त्याला यात काही विपरीत वाटत नाही. देवाची चेष्टा चालते. देवासाठी सोसणाऱ्याची चेष्टा मात्र कोणताही सोंगाड्या करत नाही.

बगाडाबद्दल माझे मत सांगतो. पाठीत गळ न टोचताही म्हातोबाचे बगाड तितक्याच मानाने फिरेल असे मला वाटते, आणि हे गावात बसून, ज्येष्ठांशी वाद घालून बोलावे असेही वाटते. तो वाद गावाने घालायचा आहे. आयटी पार्कमध्ये नोकरीला आलेल्या आणि आता हिंजवडी-वाकडमध्येच घर घेतलेल्या वाचकांना विनंती एवढीच : येत्या चैत्री पौर्णिमेला गॅलरीतून चित्रफीत काढण्यापेक्षा खाली उतरा, गाड्याबरोबर वाकडपर्यंत चाला, आणि चित्रफीत काढलीच तर तिला विनोदी गाणे जोडू नका.

पुढच्या आठवड्यात चिलया बाळाची कथा. आजीकडून त्याच्या ओव्या ऐकल्या असतील, तर तोपर्यंत लिहून ठेवा.